फाशांनी निवडलेले शब्द

नवे खाते उघडताना पासवर्डच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत येणारी सूचना आता सगळ्यांच्या तोंडपाठ आहे: किमान आठ अक्षरे हवीत, त्यांत एक कॅपिटल, एक अंक आणि एक चिन्ह. ही सूचना पासवर्ड दिसतो कसा एवढेच तपासते. तो निवडला कसा, हे तिला कळत नाही. आणि पासवर्डची बळकटी तर निवडीच्या त्या क्षणीच ठरून जाते. ‘इंडिया@१२३’ हा पासवर्ड इंग्रजीत, पहिले अक्षर कॅपिटल करून लिहिला तर सगळ्या अटी पुऱ्या होतात, आणि तरीही पासवर्ड फोडणारा तो अगदी सुरुवातीलाच ताडून बघेल. उलट फासे टाकून उचललेले सहा साधे शब्द यातली एखादीच अट पाळतील, पण ते शोधताना मोठमोठी यंत्रेही थकतील. ही समज काही आजची नाही. ती गेल्या पन्नास-साठ वर्षांत तुकड्यातुकड्यांनी जमत गेली, मध्येच हरवली आणि पुन्हा सापडली. बळकटी कुठून येते आणि आठवण कुठून येते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे उमगायला लागलेल्या वेळाची हकीकत म्हणजेच या शब्दांच्या पासवर्डची कुळकथा.

या कुळाचा मूळपुरुष छावणीतला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने रोमन सैन्याची रात्रीच्या पहाऱ्याची व्यवस्था बारकाईने लिहून ठेवली आहे. सूर्यास्ताला ठरलेला सैनिक ट्रिब्यूनच्या, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या, तंबूशी जाई, त्या रात्रीचा परवलीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी घेई आणि आपल्या तुकडीकडे परतून ती साक्षीदारांसमक्ष शेजारच्या तुकडीच्या नायकाकडे देई. अशी हातोहात फिरत पाटी अंधार पडण्याआधी ट्रिब्यूनकडे परत यायची. एखादी आली नाही, तर खुणांवरून ती कुठल्या तुकड्यांपाशी अडकली ते कळे आणि दोषीला शिक्षा होई. सगळ्या छावणीने लक्षात ठेवायचा हा शब्द पुरे पडे, कारण त्याचे आयुष्य एका रात्रीचे होते आणि चुकीचा शब्द उच्चारणाऱ्याला पहारेकरी दुसरी संधी देत नव्हता. संगणकाने हे दोन्ही आधार काढून घेतले. त्याच्याकडचा पासवर्ड वर्षानुवर्षे तोच राहतो, आणि चोराला कोट्यवधी वेळा चुकायची मुभा मिळू शकते.

ही मुभा कशी मिळते ते पाहायला एमआयटीत जावे लागते. १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने तिथे सीटीएसएस ही यंत्रणा दाखवली. एकाच संगणकाला अनेक टंकयंत्रे जोडून अनेकांनी एकाच वेळी काम करायचे, अशी तिची रचना होती. प्रत्येकाच्या फायली आणि प्रत्येकाच्या वाट्याचा यंत्रवेळ वेगळा ठेवायचा म्हणून पासवर्ड आला. पण सगळ्यांचे पासवर्ड एका फायलीत जसेच्या तसे साठवलेले असत. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला जास्त यंत्रवेळ हवा होता. त्याने ती फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये संपादनाच्या दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली. पुढे इंग्लंडात केंब्रिजच्या टायटन संगणकासाठी रॉजर नीडहॅम यांनी उपाय काढला: पासवर्ड ठेवायचाच नाही, त्याच्यावर उलट फिरवता न येणारी गणिती प्रक्रिया करून फक्त तिचे उत्तर ठेवायचे. मौरिस विल्क्स यांच्या १९६८ च्या पुस्तकात या पद्धतीचे वर्णन आले, आणि युनिक्सने ती उचलली. आता फाइल चोरीला गेली तरी पासवर्ड थेट दिसत नाही. चोराला एकच मार्ग उरतो. तो आपल्या यंत्रावर शब्दामागून शब्द घेतो, तीच प्रक्रिया करतो आणि उत्तर जुळते का ते पाहतो. तिथे त्याला अडवणारा पहारेकरी नसतो. म्हणजे इथून पुढे सगळा भार एकाच गोष्टीवर आला: त्याच्या शोधाच्या रांगेत तुमचा पासवर्ड कितवा येतो.

तो फारच पुढे येतो हे पहिल्यांदा आकड्यांनिशी दाखवले बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी, १९७९ साली. त्यांनी ३,२८९ पासवर्ड जमवले. त्यांतले १५ नुसत्या एका अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे. लहान असलेले आणि शब्दकोशांत वा नावांच्या यादीत सापडणारे सगळे मोजले तर ८६ टक्के पासवर्ड हाती लागले. या निबंधातली सर्वांत मोलाची गोष्ट मला त्या आकड्यापलीकडची वाटते. चोर ‘अअअअ’पासून क्रमाने चालत येत नाही, माणसे जिथे सापडण्याचा संभव जास्त, तिथून तो सुरुवात करतो, हे या दोघांनी कृतीने दाखवले. त्यावर त्यांनी दोन बांध घातले. प्रक्रिया मुद्दाम मंद केली, आणि प्रत्येक पासवर्डात बारा बिटांचे ‘मीठ’ मिसळले, जेणेकरून दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेली उत्तरे वेगळी यावीत. मात्र त्याच युनिक्समध्ये पासवर्डची पहिली आठ अक्षरेच विचारात घेतली जात. पुढचे सारे यंत्रणा सोडून देई. ही आठांची मर्यादा पुढच्या कथेत आडवी येते.

यंत्राने निवडावे आणि माणसाने लक्षात ठेवावे, ही वाटणी पहिल्यांदा गंभीरपणे करून पाहिली ती मॉरी गॅसर यांनी. १९७५ मध्ये मायटर या संस्थेत त्यांनी असा प्रोग्रॅम लिहिला की तो इंग्रजी कानाला उच्चारता येतील असे निरर्थक शब्द तयार करी. जिभेवर बसणारे ध्यानात राहील, ही त्यामागची कल्पना. तिची सुधारित आवृत्ती १९९३ मध्ये अमेरिकी सरकारी मानक झाली, आणि दुसऱ्याच वर्षी गणेशन व डेव्हिस यांनी तिचे न्यून उघड केले: हे शब्द सारख्या संभाव्यतेने निघत नाहीत, काही फार वारंवार निघतात, आणि चोराने तेवढेच आधी तपासले तर त्याचे काम पुष्कळ हलके होते. निवड यंत्राकडे सोपवली म्हणजे झाले, असे नाही. पेटीतल्या प्रत्येक चिठ्ठीला निघण्याची सारखी संधी हवी. दुसरीकडे १९८२ मध्ये सिग्मंड पोर्टर यांनी ‘पासफ्रेज’ची कल्पना मांडली: एका शब्दाऐवजी लांब वाक्यांश टाइप करायचा आणि यंत्रणेने तो आत आकसून घ्यायचा. माणसाची स्मृती अक्षरे सुटी न धरता अर्थाचे गठ्ठे धरते, हे जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्येच सांगितले होते. सहा शब्द म्हणजे तीस अक्षरे, पण स्मृतीला ते सहाच गठ्ठे. पोर्टर यांच्याकडे स्मृतीची बाजू होती आणि गॅसर यांच्याकडे निवडीची. दोन्ही एकत्र यायला आणखी तेरा वर्षे लागली, आणि आठ अक्षरांवर थांबणाऱ्या यंत्रणांमध्ये तर वाक्यांशाला जागाच नव्हती.

दरम्यान जगाने तिसरीच वाट धरली. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस यांचाच मुलगा रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटभर पसरला. इतर वाटांबरोबर ४३२ शब्दांची एक छोटी यादीही तो पासवर्ड म्हणून ताडून बघे. यातून व्यवस्थापकांनी घेतलेला धडा असा की शब्दकोशातले शब्द वाईट, म्हणून शब्दांत अंक आणि चिन्हे घुसवा. २००४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेच्या दस्तऐवजात बिल बर यांनी याला सूत्राचे रूप दिले. पहिल्या अक्षराचे चार बिट (एक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात), पुढच्या सात अक्षरांचे प्रत्येकी दोन, आणि कॅपिटल व चिन्हांची सक्ती असेल तर सहा बिटांची भर. माणसांच्या खऱ्या पासवर्डांचा मोठा साठा तेव्हा अभ्यासाला उपलब्ध नव्हता. म्हणून क्लॉड शॅनन यांनी इंग्रजी मजकुराबद्दल १९५१ मध्ये केलेल्या अनुमानांचा आधार घेतला गेला. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघडेच चोरीला गेले आणि खरा साठा सगळ्यांसमोर आला. चिन्ह मागितले की माणसे ते शेवटी लावतात, कॅपिटल मागितले की सुरुवातीला, अंक मागितला की १ किंवा जन्मसाल. सूत्र मोजत होते ती भर चोराच्या एका ओळीच्या नियमात मावत होती.

सक्तीने दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणे हे याच विचाराचे भावंड. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात झँग, मोनरोझ आणि रायटर यांनी साडेसात हजारांहून अधिक खात्यांचे मुदत संपलेले पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड माहीत असेल तर नवा शोधणे ४१ टक्के वेळा काही सेकंदांचे काम होते, आणि १७ टक्के खाती पाच प्रयत्नांच्या आत उघडत होती. माझ्या मते या नियमाचा खरा अपराध याहून खोल आहे. आठवण ही वापराने, उजळणीने पक्की होते. ती पक्की झाली न झाली तोच हा नियम ती पुसायला लावतो. मग माणूस बळकटीलाच हात घालतो, कारण आठवण वाचवायला त्याच्यापाशी दुसरे काही उरत नाही. २०१७ मध्ये बर यांनी आपल्या त्या सूचनांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी निस्टने दोन्ही सक्ती मागे घेतल्या: अंक-चिन्हांच्या अटी घालू नका, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्याखेरीज तो बदलायला लावू नका, आणि नवा पासवर्ड आधी फुटलेल्यांच्या यादीत आहे का ते मात्र जरूर तपासा. आपल्याकडच्या कित्येक संकेतस्थळांवर जुन्या अटी आजही आहेत, याचे कारण सुरक्षितता नसून सवय आहे.

गॅसर आणि पोर्टर यांचे धागे एकत्र जोडणारे वर्ष १९९५. बेलकोरच्या नील हॅलर यांच्या ‘एस-की’ या पद्धतीचा तपशील त्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. तिच्यात यंत्राने काढलेला ६४ बिटांचा एकदाच वापरायचा आकडा माणसाला सहा चिमुकल्या इंग्रजी शब्दांच्या रूपात दिला जाई; शब्द २,०४८ च्या ठरीव यादीतले. इथे शब्द हे केवळ वेष्टन होते, आत निव्वळ आकडा. त्याच वर्षी अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ‘डाइसवेअर’ मांडले. पाच वेळा फासा टाकायचा, पडलेले पाच आकडे ओळीने लिहायचे, आणि त्या क्रमांकाचा शब्द यादीतून घ्यायचा. फाशाला सहा बाजू, टाकायचा पाच वेळा, म्हणून यादीत बरोबर ७,७७६ शब्द. संगणकाच्या आत काय चालते याची सामान्य माणसाला शहानिशा करता येत नाही. पण टेबलावर पडलेला फासा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. शिवाय यादी गुप्त ठेवावी लागत नाही. चोराकडे तीच यादी आहे, शब्द किती घेतले हेही त्याला ठाऊक आहे, असे गृहीत धरूनच हिशेब होतो. दोन शब्दांच्या जोड्या सुमारे सहा कोटी. चार शब्दांच्या माळा त्या संख्येचा वर्ग, म्हणजे सुमारे ३६ कोटी कोटी. कळफलकावरच्या ९४ चिन्हांतून निव्वळ योगायोगाने उचललेल्या आठ चिन्हांचा हिशेब ६१ कोटी कोटी निघतो. दोन्ही जवळजवळ एकाच पंक्तीतले. फरक इतकाच की आठ विस्कळीत चिन्हे डोक्यात राहत नाहीत, आणि चार शब्द राहू शकतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: शब्दकोशातले शब्द तर चोर सर्वांत आधी बघतो ना? बघतो, पण एकेक. मॉरिस-थॉम्पसन यांना सापडलेला दोष ‘शब्द’ असण्याचा नव्हता. शक्यता मोजक्या असण्याचा होता. मात्र शक्यता किती पुरेशा, हे चोराच्या वेगावर ठरते, आणि तिथे हात आखडून चालत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये जेरेमी गॉस्नी यांनी २५ ग्राफिक्स कार्डांची एक जोडणी दाखवली. विंडोजच्या जुन्या साठवण पद्धतीवर ती सेकंदाला सुमारे ३५ हजार कोटी तर्क तपासत होती. त्या वेगाने आठ चिन्हांचा कोणताही पासवर्ड साडेपाच तासांत फुटतो, आणि फाशाने निवडलेले चार शब्द तीन तासांत. पाच शब्दांना अडीच वर्षे लागतात. सहा शब्दांना वीस हजार वर्षे. शब्द एक वाढला की काम ७,७७६ पटींनी वाढते. हेच लक्षात घेऊन राइनहोल्ड यांनी २०१४ मध्ये पाचऐवजी सहा शब्दांची शिफारस केली. ऑगस्ट २०११ मध्ये रँडल मन्रो यांच्या एक्सकेसीडी या चित्रमालिकेने चार शब्दांचा पासवर्ड घरोघर पोचवला, हे तिचे मोठे काम. पण तिचा हिशेब ४४ बिटांचा आणि संकेतस्थळावर थेट येऊन एकेक तर्क लढवणाऱ्या चोराला धरून होता. फुटलेल्या फायलीपुढे तो तोकडा पडतो. उलट साठवणूक नीट असेल तर चित्र पार बदलते: १९९९ मध्ये आलेल्या बीक्रिप्ट या मुद्दाम मंद केलेल्या पद्धतीपुढे गॉस्नींची तीच जोडणी सेकंदाला ७१ हजार तर्कांवर आली. पण साठवणूक कंपनीच्या हाती असते आणि ती कशी आहे हे वापरणाऱ्याला दिसत नाही. आपल्या हाती शब्दांची संख्या असते.

दुसरा आक्षेप अधिक लोभस आहे. फासे कशाला, आपल्याला प्रिय असलेली एखादी ओळ घ्यावी, ती लांबही असते आणि पाठही असते. इथेच सर्वाधिक माणसे फसतात, कारण लांबी ही बळकटी वाटते. २०१३ मध्ये पासवर्ड फोडणाऱ्यांनी विकिपीडियातली वाक्ये यंत्राला चारली, तेव्हा एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथेतल्या काल्पनिक भाषेतला लांबलचक, उच्चारताही न येणारा मंत्रदेखील कुणाच्या तरी पासवर्डातून बाहेर पडला. कुठल्याच शब्दकोशात नसलेली ती अक्षरे छापील मजकुरात होती, एवढे पुरे झाले. आपल्या ओव्या, अभंग, नाट्यपदे आणि चित्रपटगीते इंटरनेटवर भरपूर आहेत, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. मराठीत चोर बघणार नाही ही समजूत धोक्याची आहे. स्वतः रचलेल्या वाक्याचे काय? केंब्रिजमध्ये जेफ यान आणि सहकाऱ्यांना विद्यार्थ्यांवरील प्रयोगात आढळले की स्वतःच्या वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरे घेऊन केलेले पासवर्ड लक्षात राहायला सोपे आणि फोडायला त्या काळी योगायोगाने निवडलेल्यांइतकेच कठीण होते. तो उपाय वाईट नाही. पण त्याची बळकटी मोजता येत नाही, आणि माणसे वाक्ये रचतात तीही एकमेकांसारखी. मन ओळखीच्या वाटेने चालते. ‘घंगाळ, ओहोळ, सुतळी, पेंड’ हे चार शब्द इथे लिहिताना मनाला सुचले. ते फाशाने आलेले नाहीत, म्हणून त्यांची शक्यता कोटी कोटींत मोजता येणार नाही. चारही खेड्याकडचे आहेत हे कुणाही वाचकाला चटकन दिसेल.

तिसरा आक्षेप या साऱ्या युक्तिवादाच्या मुळावर येतो. फाशाने दिलेले शब्द खरोखर लक्षात राहतात का? २०१२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रिचर्ड शे आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीड हजार लोकांवर प्रयोग केला. यंत्राने दिलेले तीन-चार शब्द लोक त्याच बळकटीच्या यंत्रदत्त पासवर्डांइतकेच विसरले, आणि टाइप करायला त्यांना जास्त वेळ लागला. म्हणजे शब्दांत काही जादू नाही, हे मान्य करावे लागते. पण दोनच वर्षांनी जोसेफ बॉनो आणि स्टुअर्ट शेक्टर यांनी वेगळा प्रश्न विचारला: एका बैठकीत पाठ होत नसेल, तर रोजच्या वापरात हळूहळू होईल का? त्यांनी लोकांना ५६ बिटांचे गुपित तीन हप्त्यांत दिले, काहींना सहा शब्दांचे, काहींना बारा अक्षरांचे. दर लॉगिनला ते पडद्यावर किंचित उशिरा दिसे, त्यामुळे वाट पाहण्यापेक्षा आठवून टाइप करणे फायद्याचे ठरे. ९४ टक्के लोक अखेर सगळे गुपित पाठ टाइप करू लागले. सरासरी दहा दिवसांत यासाठी गेलेला जादा वेळ एकूण बारा मिनिटांहून कमी होता. किमान तीन दिवसांनी अचानक विचारले तेव्हा ८८ टक्क्यांना ते अचूक आठवले. अक्षरवाल्यांनाही जमले, ही यातली सर्वांत बोलकी गोष्ट. निवड एका क्षणाची असते आणि ती फाशाची असावी. आठवण पुढच्या दहा-पंधरा दिवसांत उजळणीने घडते. तेवढे दिवस शब्द कागदावर लिहून पाकिटात ठेवण्यात गैर काही नाही, कारण दूरदेशीच्या चोराला तो कागद दिसत नाही. शब्दांचा फायदा या उजळणीत मिळतो: चूक झाली तर ती कुठल्या शब्दात झाली ते कळते, आणि मनातल्या मनात म्हणता येतात ते शब्दच.

शंभर खात्यांसाठी शंभर शब्दमाळा कुणीही पाठ करणार नाही, आणि करायचीही गरज नाही. बहुतेक पासवर्ड पासवर्ड मॅनेजरने तयार करून स्वतःच सांभाळावेत. २०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी आणलेल्या ‘पासकी’ने तर कित्येक ठिकाणी पासवर्डच नको झाला आहे. उरतात ती दोन-तीन कुलुपे: त्या मॅनेजरचा मुख्य पासवर्ड, लॅपटॉपच्या एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा, फार तर ईमेलचा. यांना दुसरे कोणी सांभाळत नाही आणि सगळे यांच्याच मागे असते. डाइसवेअरचे सहा शब्द एवढ्यांसाठीच आहेत. राइनहोल्ड यांच्या मूळ यादीत विचित्र तुकडे आणि आकडेही होते; म्हणून २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने बॉनो यांच्याकडून ओळखीच्या शब्दांची नवी यादी करून घेतली. मराठीसाठी अशी यादी करायची तर शब्दांचा तुटवडा नाही, मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीतच सुमारे साठ हजार आहेत. अडचण लिपीची आहे. पुष्कळ लॉगिन पडदे देवनागरी घेत नाहीत. जे घेतात तिथेही नुक्ता असलेले एखादे अक्षर आतून दोन तऱ्हांनी लिहिले जाऊ शकते, आणि यंत्रणेने ते एकरूप करून घेतले नाही तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. रोमन लिपीत लिहायचे तर ‘माळ’ आणि ‘माल’ एक होतात, ‘पाणी’ आणि ‘पानी’ एक होतात, आणि दीर्घ आकाराला एक ‘ए’ लावला होता की दोन, हे महिन्याने आठवत नाही. त्यामुळे मराठी यादीतून ळ-ल, ण-न यांचा गोंधळ होईल असे शब्द आधी वगळावे लागतील, प्रत्येक शब्दाचे रोमन स्पेलिंग एकच ठरवून छापावे लागेल, आणि एक शब्द दुसऱ्याच्या सुरुवातीला जसाच्या तसा येत नाही हेही पाहावे लागेल, नाहीतर जागा न सोडता लिहिलेल्या दोन वेगळ्या माळा एकच होऊन बसतील. एवढी चाळण लावूनही ७,७७६ शब्द सहज उरतील.